खनिज शोधणाऱ्या छोट्या कंपनीचा ताळेबंद आणि भवितव्य कसे तपासावे

पुण्याच्या आसपास ज्यांनी स्वतःच्या जागेत बोअर घेतली आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही : बोअरची गाडी फुटावर पैसे घेते, पाणी लागो वा न लागो. खनिज शोधणारी छोटी कंपनी हेच काम सोने, तांबे किंवा लिथियमसाठी करते आणि फुटांचे पैसे भागधारकांकडून घेते. तिच्याकडे खाण नसते, विक्री नसते, म्हणून नफाही नसतो. नेहमीच्या कंपनीसाठी आपण जे पीई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) किंवा लाभांश पाहतो, त्यांचा येथे काहीच उपयोग होत नाही. सोन्याचे भाव चढू लागल्यापासून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील अशा शेअरांविषयी ओळखीतील अनेक जण विचारू लागले आहेत, त्यांच्यासाठी मी स्वतः अनुसरतो तो क्रम येथे मांडत आहे.

सुरुवात शिल्लक रोख रकमेपासून करावी. ऑस्ट्रेलियाच्या एएसएक्स या शेअर बाजारावर नोंदलेल्या शोधकंपन्यांना दर तिमाहीला ‘अपेंडिक्स ५बी’ नावाचे रोख प्रवाहाचे विवरण द्यावे लागते. हाती असलेला पैसा किती तिमाही पुरेल हे त्यात कंपनीनेच लिहिलेले असते आणि तो आकडा दोनपेक्षा कमी असेल, तर पुढचा पैसा कुठून आणणार याचे उत्तरही तेथेच द्यावे लागते. कॅनडातील कंपन्यांची कागदपत्रे ‘सेडार प्लस’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, मात्र हा भागाकार तेथे आपणच करायचा असतो. समजा, शिल्लक २४ लाख डॉलर आहे आणि तिमाहीचा खर्च ९ लाख. म्हणजे साधारण आठ महिने. आता त्या ९ लाखांपैकी जमिनीत किती गेले आणि कार्यालय, पगार, प्रसिद्धी यांवर किती गेले, हे वेगळे काढावे. निम्म्याहून अधिक रक्कम वर्षानुवर्षे कार्यालयातच खर्च होत असेल, तर मी पुढची पाने उलटत नाही.

ताळेबंदात ‘शोधकार्य मालमत्ता’ म्हणून मोठी रक्कम दिसते, तिच्यावर विसंबू नये. बहुतेक वेळा तो आजवर झालेल्या खर्चाचा, भांडवली खाती टाकलेला आकडा असतो. जमिनीखाली काय आहे याचे मोल त्यातून कळत नाही.

दुसरी पायरी शेअरांच्या संख्येची आहे आणि नवखे गुंतवणूकदार सर्वांत जास्त येथेच फसतात. वरच्याच कंपनीचे १२ कोटी शेअर आहेत आणि तुमच्याकडे १ लाख २० हजार, म्हणजे तुमचा वाटा ०.१ टक्का. पैसा संपत आला की कंपनी १० सेंट दराने ३ कोटी नवे शेअर काढून ३० लाख डॉलर उभे करते. त्याखेरीज ४ कोटी वॉरंट आणि ८० लाख ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे नवे शेअर घेण्याचे हक्क, आधीपासून बाकी आहेत. हे सर्व शेअरांत बदलले तर एकूण संख्या १९ कोटी ८० लाख होते आणि तुमचा वाटा ०.०६ टक्क्यांवर येतो. तुम्ही एकही शेअर विकलेला नसतो, तरी वाटा चाळीस टक्क्यांनी आटतो. मी अशा पहिल्या कंपनीत पैसे घातले ते केवळ ड्रिलिंगच्या बातमीचा मथळा वाचून. पाचच महिन्यांत नवे शेअर माझ्या खरेदीच्या निम्म्या भावाने निघाले. तिजोरी रिकामी होत आल्याचे त्याआधीच्या तिमाहीच्या विवरणात स्पष्ट लिहिलेले होते.

त्यानंतर खडकाकडे वळावे. ‘४० मीटरमध्ये टनामागे सरासरी २ ग्रॅम सोने’ ही बातमी भक्कम वाटते. पण खालच्या ओळीत ‘त्यात १ मीटर, ६० ग्रॅम’ असे असेल, तर गणित मांडून पाहावे : ४० गुणिले २ म्हणजे ८०, त्यातले ६० एकाच मीटरचे, उरलेल्या ३९ मीटरमध्ये टनामागे जेमतेम अर्धा ग्रॅम. एका अरुंद शिरेतील सोने सरासरी काढून चाळीस मीटरवर पसरवलेले असते. दिलेली लांबी छिद्राच्या दिशेने मोजलेली आहे की शिरेची खरी जाडी आहे, हेही पाहावे, कारण तिरके छिद्र शिरेतून लांबवर जाते.

साठ्याच्या आकड्याआधी त्याचा दर्जा वाचावा. ‘इन्फर्ड’ हा अंदाज सर्वांत कच्चा, त्यावर ‘इंडिकेटेड’ आणि ‘मेजर्ड’. काढणे परवडेल असे अभ्यासाने ठरल्यावरच त्याला ‘रिझर्व्ह’ म्हणता येते. ऑस्ट्रेलियात जॉर्क संहिता आणि कॅनडात एनआय ४३-१०१ हे नियम त्यासाठी आहेत. कॅनडाचा नियम २००१ मध्ये लागू झाला, तो ब्रे-एक्स या कॅनडातील शोधकंपनीच्या घोटाळ्यानंतर. तिच्या इंडोनेशियातील बुसांग येथील नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे १९९७ मध्ये उघड झाले. ड्रिलिंगमधून निघालेला दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, उभा चिरून अर्धा फेरतपासणीसाठी राखण्याची रीत आहे. तेथे बहुतेक कोअर पूर्ण भरडला जात होता. म्हणून अर्धा कोअर जपला आहे का आणि चाचणी स्वतंत्र प्रयोगशाळेत झाली आहे का, हे तांत्रिक अहवालात शोधावे. अहवालाची भाषा अवघड गेली, तर ओळखीतल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना तेवढा भाग दाखवावा. पुण्यात अशी माणसे भेटणे कठीण नाही.

संचालकांनी याआधी एखादा शोध खाणीपर्यंत नेला आहे का आणि त्यांनी स्वतःच्या पैशाने बाजारातून शेअर घेतले आहेत का, एवढे पाहिले तरी व्यवस्थापनाचा बराच अंदाज येतो.

आपल्याकडून परदेशात पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा आर्थिक वर्षाला प्रत्येकी अडीच लाख डॉलर आहे. तरीही अशा एका कंपनीत, पूर्ण बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, एवढीच रक्कम घालावी. खरेदीच्या दिवशीच कागदावर तीन नोंदी कराव्यात : रोख कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, पुढचे ड्रिलिंग निकाल केव्हा अपेक्षित आहेत आणि सर्व वॉरंट धरून एकूण शेअर किती. नवे तिमाही विवरण आले की तोच कागद समोर ठेवून हे तीन आकडे पुन्हा लिहावेत. निकालांआधी पैसा संपणार असे दिसत असेल, तर नवे शेअर निघेपर्यंत खरेदी थांबवावी.