सिमेंटच्या फळ्यांची भिंत एकट्याने चढवताना

कोकणात छोटी खोली बांधायची म्हटले की चिरा डोळ्यांसमोर येतो आणि ते योग्यच आहे. परंतु बागेतील अवजारे, खते आणि पंपाचे सामान ठेवण्यासाठी दहा बाय बारा फुटांची कोठीची खोली हवी असेल, गवंडी मिळत नसेल आणि सुटीच्या दिवसांत आपणच काम करायचे असेल, तर चिऱ्याच्या जोत्यावर लोखंडी बॉक्स पाइपचा सांगाडा उभा करून त्याला बाहेरून फायबर सिमेंटच्या, म्हणजे तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या, फळ्या चढवणे हा टिकाऊ मार्ग आहे. सांगाडा वेल्डरकडून करून घ्यावा. फळ्या मात्र एका माणसाला चढवता येतात, आणि त्या कशा चढवायच्या ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम मालाची निवड. फायबर सिमेंट बाजारात दोन रूपांत मिळते. एक म्हणजे आठ बाय चार फुटांचे बोर्ड आणि दुसरे म्हणजे सुमारे ३ मीटर लांब, २०० मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड अशा फळ्या. आठ मिलिमीटरच्या पूर्ण बोर्डाचे वजन ३२ किलोच्या आसपास भरते, आणि ते वजन एकट्याने पेलून, ओळंब्यात धरून, त्याच वेळी दुसऱ्या हाताने स्क्रू मारणे शक्य नाही. फळीचे वजन साधारण साडेसहा किलो असते. एकट्याने काम करायचे असेल तर फळीच घ्यावी. खरेदी करताना मालावर ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचा उल्लेख आणि सपाट फायबर सिमेंट शीटसाठीचा आयएस १४८६२ हा मानक क्रमांक आहे का, ते पाहावे. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात तो अनेकदा ॲस्बेस्टॉसचा असतो. जुन्या गोठ्यावरून काढलेले असे पत्रे कापून भिंतीला वापरण्याचा मोह कोणीही धरू नये, कारण त्यांचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत.

आता हिशोब. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा परीघ ४४ फूट, म्हणजे सुमारे १३.४ मीटर होतो. फळ्यांची उंची २४४० मिलिमीटर धरली आणि दार-खिडकी वजा केली, तर जवळपास ३० चौरस मीटर क्षेत्र उरते. फळ्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढवायच्या असतात. खालच्या फळीच्या वरच्या कडेवर वरची फळी ४० मिलिमीटर बसली, तर प्रत्येक ओळीत १६० मिलिमीटर दिसते. पहिल्या फळीचे २०० आणि त्यावरच्या चौदा ओळींचे प्रत्येकी १६० मिळून बरोबर २४४० होतात, म्हणजे पंधरा ओळींत भिंत पूर्ण होते आणि कोणतीही फळी लांबीत चिरावी लागत नाही. आपली उंची वेगळी असल्यास हेच गणित उलटे करून दिसणारी रुंदी ठरवावी, परंतु चढाव, म्हणजे वरची फळी खालचीवर जितकी बसते तो भाग, ३० मिलिमीटरच्या खाली आणू नये. तुटफूट धरून सुमारे ७० फळ्या लागतात, आणि त्यांचे एकूण वजन साडेचारशे किलोंच्या घरात जाते. वजनाची भीती वाटते ती या आकड्यामुळे. प्रत्यक्षात एका वेळी हातात साडेसहा किलोच असतात, आणि ते पेलणे अवघड नाही. अवघड आहे ती तीन मीटरची लांबी.

फळी आडवी, म्हणजे ताटासारखी सपाट धरून उचलली, की ती मधोमध वाकते आणि कडकन मोडते. माझ्या पहिल्या दोन फळ्या टेम्पोतून उतरवतानाच अशा गेल्या. फळी नेहमी कडेवर, म्हणजे अरुंद बाजू खाली करून, उभी धरून न्यावी. ठेवताना मात्र सपाट ठेवावी, खाली अर्ध्या-अर्ध्या मीटरवर लाकडी रिपा टाकाव्यात आणि वरून ताडपत्री झाकावी. भिजलेली फळी कधीही चढवू नये, कारण ती सुकताना आखडते आणि सांधे उघडे पडतात. हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत संपवावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

चढवण्यापूर्वी प्रत्येक फळीला पुढून, मागून आणि चारही कडांना सिमेंटवर चालणारा प्राइमर लावून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला दोन दिवस जातात आणि बहुतेक जण ते टाळतात. पण फळीची पाठ नंतर कधीच हाती लागत नाही, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ओल पाठीकडूनच आत शिरते.

सांगाड्याविषयी दोन गोष्टी वेल्डरला आधीच सांगून ठेवाव्यात. उभे पाइप ४०० मिलिमीटरच्या मध्यांतराने असावेत, आणि ५० बाय २५ चा बॉक्स वापरल्यास त्याची ५० ची बाजू बाहेर यावी, म्हणजे दोन फळ्यांच्या सांध्याला प्रत्येकी २५ मिलिमीटर टेकण मिळते. वेल्डिंगच्या जागा घासून तेथे निव्वळ रेड ऑक्साइड न लावता इपॉक्सी प्राइमर लावावा. समुद्रापासून जवळ असाल तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेले, पाइपच घ्यावेत. जोते असे असावे की सर्वांत खालच्या फळीची कड जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर राहील. पागोळ्यांचे पाणी तांबड्या मातीवर आपटून जे शिंतोडे उडवते, ते एका पावसाळ्यात फळीची खालची कड रंगवून टाकतात. शिवाय हे अंतर मोकळे असले तर वाळवीची वाट वेळेवर नजरेस पडते.

सांगाड्यावर फळ्यांच्या आधी श्वास घेणारा जलरोधक पडदा ताणावा, ज्याला दुकानदार ब्रीदर मेम्ब्रेन म्हणतात. त्याच्या जागी साधे प्लास्टिक लावू नये, कारण प्लास्टिक बाहेरचे पाणी अडवते तसेच आतली वाफही अडवते आणि पाइप आतून गंजतात. पडदा खालून वर लावत जावा आणि वरचा पट्टा खालच्यावर १५० मिलिमीटर यावा.

कोपऱ्यांना आणि दार-खिडक्यांच्या बाजूंना आधी उभ्या पट्ट्या बसवून घ्याव्यात. ७५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या दोन्ही कोपऱ्यांना लावल्या की दहा फुटी भिंतीवर फळीसाठी २.९ मीटर जागा उरते, आणि तीन मीटरची एक फळी सांध्याशिवाय पुरते. बारा फुटी भिंतीवर मात्र साडेतीन मीटर जागा राहते, त्यामुळे प्रत्येक ओळीत एक सांधा येणारच. हा सांधा उभ्या पाइपच्या मध्यावरच पडला पाहिजे. एका ओळीत लांब तुकडा डावीकडून आणि पुढच्या ओळीत उजवीकडून सुरू केला, की सांधे एकाखाली एक येत नाहीत.

कापण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या कामातील खरा धोका येथेच आहे. आपल्याकडे प्रत्येक कारागिराच्या हाती मार्बल कटर असतो आणि तो फळीवर चालवला की पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. त्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, जी डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक होऊन छातीत बसते, आणि सिलिकोसिस हा त्यातून होणारा आजार बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. आठ मिलिमीटरच्या फळीसाठी यंत्राची गरजही नाही. कार्बाइड टोकाच्या चाकूने पोलादी पट्टीच्या आधारे तीन-चार वेळा खोल ओरखडा काढावा, ओरखड्याच्या खाली रीप ठेवावी आणि फळी झटक्याने खाली दाबावी, म्हणजे ती सरळ तुटते. तुटलेली कड कानशीने घासावी आणि लगेच प्राइमर लावावा. खिडकीजवळचे खाच-खोबणीचे तुकडे कापायला यंत्र लागलेच, तर मोकळ्यावर, वारा पाठीशी घेऊन, एन-९५ मास्क आणि चष्मा लावून कापावेत. साचलेली धूळ झाडू नये, ओली करून पुसावी.

पहिल्या ओळीला अर्धा दिवस गेला तरी चालेल. आधी एका फळीतून ४० मिलिमीटर रुंदीच्या पाच पट्ट्या काढाव्यात. त्या परीघाला पुरतात. त्या जोत्यालगत सर्वांत खाली बसवायच्या असतात, म्हणजे पहिली फळी वरच्या फळ्यांसारखीच थोडी बाहेर कललेली राहते. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांवर एक पातळी उतरवून घ्यावी आणि दोरीने रेघ मारावी. जोत्याच्या कडेवर विश्वास ठेवू नये. माझे जोते बारा फुटांत अठरा मिलिमीटर उतरते होते आणि डोळ्यांना ते अजिबात कळत नव्हते.

दुसऱ्या माणसाचे काम दोन लाकडी रिपांकडून करून घेता येते. भिंतीच्या उंचीइतक्या दोन सरळ रिपा घ्याव्यात, त्या एकमेकींना लावून दोन्हींवर एकाच वेळी १६० मिलिमीटरच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर खुंटी घालण्यासाठी छिद्र पाडावे. या रिपा भिंतीपासून साधारण २५ मिलिमीटर पुढे, फळीच्या दोन्ही टोकांपासून अर्ध्या मीटरवर उभ्या कराव्यात, वर वळचणीच्या पाइपला सी-क्लॅम्पने आवळाव्यात, आणि त्यांची पातळी नळीने जुळवून खाली पाचर मारावी. आता ज्या ओळीची फळी बसवायची तिच्या खुंट्या आत सरकवल्या, की फळी रिपा आणि भिंत यांच्यामध्ये टेकून उभी राहते आणि बाहेर पडत नाही. दोन्ही हात मोकळे होतात. चढाव प्रत्येक वेळी मोजावा लागत नाही आणि चूक झाली तरी ती पुढच्या ओळीत साठत जात नाही.

स्क्रू पंखवाले, स्वतः छिद्र पाडणारे, ४० मिलिमीटर लांबीचे घ्यावेत. त्यांचे छोटे पंख फळीत मोठे छिद्र करतात आणि लोखंडाला लागताच तुटून पडतात, त्यामुळे फळी पाइपपासून वर उचलली जात नाही. पिवळ्या मुलाम्याचे स्वस्त स्क्रू खाऱ्या हवेत दोन पावसाळेही तग धरत नाहीत आणि गंजाचे ओघळ रंगावर उतरतात. गंजरोधक जाड लेप असलेले स्क्रू महाग पडतात, तरी तेच घ्यावेत. ३०४ दर्जाचे स्टेनलेस हवे असल्यास पाइपला आधी ड्रिलने छिद्र पाडावे लागते, कारण ते मऊ असल्याने पोलाद कापत नाहीत.

फळी खुंट्यांवर बसली की वरच्या कडेपासून २५ मिलिमीटर खाली, दोन पाइपांवर एकेक स्क्रू मारून ती अडकवावी. हे स्क्रू पुढच्या फळीखाली झाकले जातात. सौम्य वाऱ्याच्या ठिकाणी सर्वच पाइपांवर असे झाकलेले स्क्रू मारून भागते आणि भिंत देखणी दिसते. किनारपट्टीवर मी तसे करणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पत्रे कडेकडून उचकटून कसे उडाले ते अनेकांनी पाहिले आहे. म्हणून प्रत्येक पाइपवर फळीच्या खालच्या कडेपासून २० मिलिमीटर वर, दोन्ही फळ्यांतून आरपार जाणारा स्क्रू मारावा, आणि आतल्या झाकलेल्या स्क्रूला तो लागू नये म्हणून १५ मिलिमीटर बाजूला घ्यावा. टोकाशी मारताना कडेपासून किमान १२ मिलिमीटर अंतर ठेवावे. ड्रिलचा क्लच हलका ठेवून डोके पृष्ठभागाशी समपातळीत आले की थांबावे; खोल घुसवलेला स्क्रू फळीची कातडी फोडतो आणि पकड गमावतो.

प्रत्येक सांध्यामागे १५० मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची किंवा त्याच पडद्याची पट्टी घालावी, आणि तिचे खालचे टोक खालच्या फळीच्या पुढून बाहेर यावे, म्हणजे सांध्यातून शिरलेले पाणी पुन्हा बाहेरच पडेल. उभ्या कोपरपट्ट्यांशी ३ मिलिमीटर फट ठेवून ती रंग धरणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरावी. साध्या सिलिकॉनवर रंग चिकटत नाही. खिडकी-दाराच्या डोक्यावर बाहेर उतरती ॲल्युमिनियमची पाणपट्टी हवीच, आणि तिच्यावरची फळी ६ मिलिमीटर उचलून ठेवावी. ही फट भरू नये. पाहुण्या कारागिराचा हात नेमका तिकडेच जातो, पण ती पाणी निघून जाण्याची वाट आहे.

वरच्या ओळींना हात पुरत नाहीत. त्या वेळी ताज्या फळ्यांवर शिडी टेकवू नये; दोन घोड्या आणि त्यांवर जाड फळी अशी परांची करावी, आणि पुढच्या दोन ओळींच्या फळ्या आधीच तिच्यावर कडेवर उभ्या करून ठेवाव्यात. दिवसाला चार ओळी, एवढाच माझा वेग होता.

शेवटी बाहेरच्या ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्यावेत. उरलेल्या चार-पाच फळ्या त्याच रंगात रंगवून खोलीतच सपाट ठेवाव्यात. नारळ पडून एखादी फळी तडकली, तर तिचे आणि तिच्या वरच्या फळीचे दिसणारे स्क्रू काढून वरची कड पाचरीने किंचित उचलावी. आतले दोन झाकलेले स्क्रू तेवढ्या फटीतून हॅकसॉच्या पात्याने कापता येतात. मग तडकलेली फळी खाली ओढून काढावी आणि नवी खालूनच वर सरकवून बसवावी.