खेड्यातल्या घराचे स्वयंपाकघर आखताना

खेड्यातल्या घराचे स्वयंपाकघर आखताना सर्वांत आधी चुलीची जागा ठरवावी, कारण जिथे लाकूड जळते तिथे धुराला वाट मिळाल्याशिवाय बाकीची कोणतीही सोय उपयोगी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, स्वयंपाकाच्या इंधनामुळे घरात होणाऱ्या वायुप्रदूषणाने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा जीव गेला. या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

चूल बाहेरच्या भिंतीला लागून घ्यावी आणि तिचे धुराडे छपराच्या आढ्यापेक्षा निदान दोन फूट वर न्यावे, म्हणजे वाऱ्याच्या दाबाने धूर उलटा घरात शिरत नाही. गरम हवा वर चढत असल्याने धुराडे असले तरी छताखाली झरोका ठेवावा आणि समोरच्या भिंतीत खालच्या अंगाला ताजी हवा आत येऊ द्यावी. बांधकाम पक्के होण्यापूर्वी चुलीच्या जागी एखादी ओलसर काडी धुमसत ठेवावी आणि धूर कोणीकडे ओढला जातो ते सकाळी व संध्याकाळी स्वतः पाहावे. सिलिंडरमधला गॅस मात्र हवेपेक्षा जड असतो व गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडीच्या खोलीत खालीही जाळी ठेवावी आणि सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कोनाड्यात कधीही ठेवू नये.

ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीवर सोडू नये, हे मी आग्रहाने सांगेन. जी व्यक्ती तिथे सर्वाधिक वेळ राबणार आहे तिला भिंतीजवळ ताठ उभे करून कोपर काटकोनात दुमडायला सांगावे आणि त्या रेषेवर खडूने खूण करावी. चिरण्याचा ओटा या खुणेपेक्षा चार ते सहा इंच खाली असावा, तर जिथे अंगाचा भार देऊन मळायचे किंवा कुटायचे आहे तो भाग त्याहूनही खाली घ्यावा. शेगडी आणि तिच्यावरचे भांडे यांची उंची ओट्यात मिळत असल्याने तोही भाग खाली घेतलेला बरा. सिंकचा काठ मात्र ओट्यापेक्षा थोडा वर असावा, कारण तिथे हात काठावर नव्हे, तळाशी चालतात आणि तळ खोल गेला की दिवसभर कंबर वाकलेली राहते.

पाणी भरून आणावे लागत असेल, तर साठवणीची भांडी सिंकशेजारी कमरेच्या उंचीवर ठेवावीत. धान्य जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून थोडे दूर असावे, म्हणजे ओल लागत नाही आणि उंदरांचा माग लगेच दिसतो. सरपण एका दिवसापुरतेच आत ठेवावे. शेतातून येणाऱ्यांसाठी मागच्या दाराबाहेर पाय धुण्याची जागा करावी आणि दोन माणसे एकमेकांना धक्का न लावता जातील इतकी, म्हणजे सुमारे चार फूट, वाट मोकळी सोडावी.

दिवा खोलीच्या मधोमध टांगल्यास काम करणाऱ्याची सावली नेमकी सुरीवर पडते, म्हणून तो ओट्याच्या वर, डोक्याच्या थोडा पुढे लावावा.