लॉक फोनवरही दिसू द्या आईबाबांची माहिती

आईबाबांच्या फोनला लॉक लावून दिलंत, चांगलं केलंत. पण सकाळी फिरायला गेल्यावर चक्कर आली, तर मदतीला धावलेला माणूस घरी कळवणार कसं?

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी’ असं शोधा. फोनागणिक नाव थोडं बदलतं, पण रक्तगट, औषधं, अ‍ॅलर्जी आणि घरच्यांचे नंबर भरायची सोय तिथे बहुतेक सापडतेच. आयफोनवर हेच हेल्थ अ‍ॅपमधल्या ‘मेडिकल आयडी’त असतं, तिथे ‘शो व्हेन लॉक्ड’ चालू ठेवा. मग लॉक न उघडताही ‘इमर्जन्सी’वरून ही माहिती पाहता येते.

औषधांच्या रकान्यात नुसतं ‘बीपीची गोळी’ लिहून भागत नाही. स्ट्रिप हातात घेऊन नाव आणि मिलिग्रॅम उतरवून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर. पहिला नंबर पाच मिनिटांत पोहोचू शकेल अशा शेजाऱ्यांचा द्या. आई साताऱ्यात आणि मुलगा बंगळुरूत असेल, तर मुलगा दुसऱ्या क्रमांकावरच बरा. (रुसला तर रुसू दे.) हे काम नातवंडांकडे सोपवलं तर चटकन होतं. शेवटी फोन लॉक करून सगळं दिसतंय ना, ते बघा. फक्त त्या नादात 112 लावू नका.