अ‍ॅडॉप्टर बदलताना या चुका टाळा

राउटरचा अ‍ॅडॉप्टर गेला की लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाण्याआधी राउटरच्या तळाच्या लेबलचा फोटो काढा. नुसता जुना अ‍ॅडॉप्टर दाखवून भागत नाही. तो आधीच कोणी बदललेला असेल तर त्यावरचा आकडाच चुकीचा असायचा.

अ‍ॅडॉप्टरवर 'आउटपुट'ची ओळ वाचा. 'इनपुट'समोरचं १००-२४० व्होल्ट म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर चालेल, एवढंच. परदेशातून आलेल्यावर नुसतं १२० असेल तर तो बोर्डात लावूच नका.

व्होल्ट जुळायलाच हवेत. ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ चा लावला तर कधी निभावतं, कधी आतला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग, जातो. अँपिअरची भीती मात्र उगाच असते: १ अँपिअरच्या राउटरला २ चा खुशाल लावा, तो हवा तेवढाच करंट ओढतो. अर्ध्या अँपिअरचा लावलात तर दिवे लागतील, पण घरातले सगळे फोन जोडले की राउटर रीस्टार्ट होत राहील, आणि शिव्या खाईल इंटरनेटवाला.

पिन आत गेली म्हणजे जुळली असं नाही. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या पिनचं आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. २.१ च्या सॉकेटात २.५ ची पिन सैल बसते, हलली की सप्लाय तुटतो.

सगळ्यात महागात पडते ती पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची बाजू. लेबलवरच्या गोलाच्या चित्रात मधल्या ठिपक्याला प्लस जोडलाय की मायनस, ते पाहा. राउटर, सेटटॉप बॉक्सला बहुधा मध्ये प्लस. गिटारच्या पेडलला बहुतेक वेळा मध्ये मायनस. उलटसुलट झालं आणि आत संरक्षक डायोड नसला, तर उपकरणाचा सर्किट बोर्ड गेलाच समजा. लेबल पुसलं असेल तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर. आकड्याआधी उणे चिन्ह आलं की मध्ये मायनस.

मीटरवर १२ दिसले म्हणून अ‍ॅडॉप्टर ठणठणीत, असंही नाही. कपॅसिटर फुगलेला अ‍ॅडॉप्टर रिकामा, म्हणजे काही न जोडता, १२ दाखवतो आणि उपकरणाचा लोड आला की खाली येतो. उलट जुना, वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला रिकामा असताना १६ दाखवेल. तो बिघडलेला नसतो.

नवा लावल्यावर अर्ध्या तासाने हात लावून बघा. कोमट चालेल; हात ठेववत नसेल किंवा वास येत असेल तर स्विच बंद करून काढा.