मुलांना अवकाशाची चित्रं रंगवायला देताय? मग या चुका टाळा

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला आणि तो दिवस पुढे राष्ट्रीय अंतराळ दिन झाला. तो आठवडा जवळ आला की आमच्या साताऱ्यातही पालक ग्रहांची, रॉकेटची, अंतराळवीरांची चित्रं शोधायला लागतात. मुलांना हा विषय मनापासून आवडतो. बिघडतं ते बहुतेक वेळा मोठ्यांच्या बाजूने. कधी कागद चुकतो, कधी चित्रच चुकीचं निवडलेलं असतं. पण मूल रंगात असताना ‘असा रंग नसतो गं’ म्हणून टोकणं हे सगळ्यात वाईट. अशा वेळी मी मुलांना एकच प्रश्न विचारते: तू हे कुठून बघतोयस? निम्मे वाद तिथेच मिटतात.

रंग ‘चुकला’ म्हणून खोडायला लावणं

एखादी मुलगी सूर्य पांढरा ठेवते आणि घरचे म्हणतात, अर्धवट का सोडलंस? वातावरणाबाहेर गेलं की सूर्य पांढराच दिसतो. आपल्यापर्यंत येताना निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून तो पिवळसर वाटतो. यवतेश्वराच्या डोंगरामागे मावळताना त्याला हवेतून आणखी लांबचा पल्ला पडतो, म्हणून केशरी. तिन्ही रंग बरोबर आहेत, फक्त बघणारा कुठे उभा आहे ते मुलाने ठरवायला हवं. चंद्रावर उभं राहून बघायचं असेल तर भर दिवसाही आकाश काळं, कारण तिथे विखुरायला हवाच नाही. मंगळावर तर उलटी गंमत. दिवसा आकाश पिवळट तपकिरी असतं आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर झाक येते. क्युरिऑसिटी रोव्हरने २०१५ मध्ये टिपलेला तिथला सूर्यास्त मुलांना जरूर दाखवा आणि मग रंगपेटी पुढे ठेवा.

नेपच्यूनच्या बाबतीत तर मोठ्यांचाच रंग चुकलेला होता. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ या यानाने पाठवलेल्या फोटोंत ढगांचे तपशील दिसावेत म्हणून निळा रंग गडद केलेला होता, आणि तोच सगळीकडे रूढ झाला. २०२४ मध्ये ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ पॅट्रिक आयर्विन आणि सहकाऱ्यांनी जुनी माहिती नव्याने तपासून दाखवलं की युरेनस आणि नेपच्यून दोघेही फिकट हिरवट निळे आहेत, नेपच्यून जरासाच जास्त निळा. तेव्हा मुलाने नेपच्यूनला आकाशी खडू लावला तर कृपया गडद निळा हातात देऊ नका. जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंतले रंगही असेच: ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि रंग शास्त्रज्ञ नंतर देतात. तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग, रंगवताना मुलाला म्हणूनच पूर्ण मोकळीक द्यावी, जांभळा म्हणजे जांभळा.

मंगळाला मात्र लालभडक स्केचपेन नको. त्याची लाली गंजाची, लोहाच्या ऑक्साइडची आहे, आणि आपल्या पाचगणी-महाबळेश्वरकडच्या जांभ्याच्या मातीची लालीही त्यातलीच. रस्त्याकडेची चिमूटभर माती (कासच्या पठारावरून अजिबात आणायची नाही, ते संरक्षित आहे) वस्त्रगाळ करून पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये कालवा आणि ब्रशने लावा. वाळल्यावर बोट फिरवलं की खरखरीत लागतं. मुलं पुन्हा पुन्हा हात लावून बघतात, आणि लोहाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

सगळे तारे पिवळे आणि पाच टोकांचे

इथे मला जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण हे गच्चीवर जाऊन बघता येतं. हिवाळ्यात मृग नक्षत्र वर आलं की मुलांना काक्षी आणि राजन्य हे दोन तारे दाखवा. काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. थोडं वर रोहिणी नारिंगी, खाली व्याध लखलखीत पांढरा. ऑगस्टमध्ये ढग फाटलेच तर संध्याकाळी दक्षिणेला ज्येष्ठा लालसर दिसते. साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या दिव्यांत हे रंग नीट कळत नाहीत, गावाबाहेर कास रस्त्याला गेलात तर लगेच कळतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या आणि तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवा.

मुलं इथे हमखास अडखळतात, कारण नळावर लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार असं त्यांनी पाहिलेलं असतं. ताऱ्यांचं बरोब्बर उलट आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, आणखी तापलं की पांढरट, तसंच इथे: तांबडा तारा त्या मानाने थंड, निळसर तारा जास्त तप्त. एकदा हे समजलं की मुलं स्वतःच ठरवायला लागतात, ‘माझा हा तारा खूप गरम आहे, याला निळा देतो.’

नेटवरचं चित्र न बघता छापणं

चंद्रकोरीच्या पोटात चांदणी असेल तर ते चित्र बाजूला ठेवा. कोरीचा काळा भागही चंद्रच असतो, त्याच्या आरपार तारा दिसणार नाही. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध बाजूला हवी. ग्रह नऊ असतील तर चित्र जुनं आहे, प्लूटो २००६ पासून बटुग्रह आहे. आणि चांद्रयान-३ शेजारी अंतराळवीर उभा असेल तर मुलांना सांगा की त्या मोहिमेत माणूस नव्हता: चंद्रावर उतरले ते चार पायांचा विक्रम आणि सहा चाकांचा प्रज्ञान रोव्हर, एवढेच. विक्रमच्या अंगावरचा सोनेरी भाग खडूने कधीच जमत नाही. चॉकलेटचा सोनेरी कागद चुरगळून, पुन्हा सरळ करून चिकटवा. सुरकुत्यांमुळे तो अगदी उष्णतारोधक वेष्टनासारखा चमकतो.

कागद सादळला, रंग फुटला

ऑगस्टमध्ये साताऱ्यात पापड सादळतात तसा कागदही सादळतो. साध्या झेरॉक्सच्या कागदावर जलरंग लावला की तो फुगतो आणि घासला की त्याचे गोळे निघतात. जाड ड्रॉइंग पेपर घ्या, वापरेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, आणि रंगवताना चारही कोपरे पॅडला चिमट्यांनी धरा. बाह्यरेखा पाणी लागताच पसरत असेल तर चित्र इंकजेट प्रिंटरवर काढलेलं आहे. तेच चित्र झेरॉक्स करून आणा, टोनरची रेघ पाण्याने हलत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार काळ्या आकाशाची. मूल काळा खडू दाबून दाबून थकतं, बाही काळी होते, आणि पिवळ्या ताऱ्यावर काळा घासला गेला की घाणेरडा हिरवट डाग पडतो. उपाय दोन. एक, सरळ काळा कार्डपेपर द्या आणि तेलखडू वापरा, कारण त्यावर स्केचपेन दिसतच नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने दाबून तारे काढायचे आणि वरून पातळ काळा-निळा जलरंग फिरवायचा. मेणावर पाणी थांबत नाही, तारे आपोआप उजळतात. पोस्टर रंग जाड लावलात तर मेणही झाकलं जातं आणि वाळल्यावर पोपडे निघतात, म्हणून रंग पातळच हवा.

जुन्या टूथब्रशने पांढरे शिंतोडे उडवायचे असतील तर आधी वर्तमानपत्रावर बघा. मोठे थेंब पडले तर पाणी जास्त झालंय. ओल्या रंगावर मीठ भुरभुरून तारे उमटवायची युक्ती छान आहे, पण ती उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. पावसाळ्यात मीठच ओल धरतं आणि चित्र दोन दिवस चिकट राहतं.

शुक्राच्या फिकट पिवळ्यासाठी काही जण सांगलीची हळद वापरतात. रंग सुरेख येतो, फक्त ते चित्र उन्हाच्या खिडकीत लावू नका, हळद उन्हाने उडते. आणि तेलखडूची चित्रं एकावर एक रचताना प्रत्येकाच्या मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर एकाचा मंगळ दुसऱ्याच्या चंद्रावर उमटतो.