थॅलेसेमिया: पोटातल्या बाळाची तपासणी वेळेत कशी बसवायची

दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत सीबीसीसोबत (रक्तपेशींची साधी मोजणी) एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) सांगून घ्या. एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) चार टक्क्यांच्या वर म्हणजे बहुधा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा नुसता वाहक. ३.५ ते ४ मधला आकडा फसवा: अंगात लोह कमी असलं की एचबीए२ खाली उतरतो आणि मायनर असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. लग्नाआधी असं झालं तर लोहाच्या गोळ्या घेऊन पुन्हा तपासता येतं. आता तेवढा वेळ नसतो, थेट जनुकाची तपासणी करा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही आधीच सांगा.

बायको मायनर निघाली की नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात द्या. दोघंही मायनर असतील तर दर खेपेला बाळ मेजर, म्हणजे गंभीर आजाराचं, असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या खेपेचा धोका घटत नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे एक जण सिकलसेलचा (हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजार) वाहक आणि दुसरा थॅलेसेमिया मायनर असला, तरी हीच वाट धरायची.

गाडी अडते ती पुढे. एचपीएलसीवरून कोणतं म्युटेशन (जनुकातला नेमका बिघाड) आहे ते कळत नाही, आणि ते ठाऊक नसेल तर लॅबने गर्भात शोधायचं काय? म्हणून आधी दोघांचं २-३ मिली रक्त, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. फॉर्मवर मूळ गाव आणि समाज लिहा, संकोच नको. सिंधी कुटुंबांत ६१९ डिलीशन नावाचं म्युटेशन बरंच आढळतं, भारतात एकूण आयव्हीएस १-५ हे म्युटेशन जास्त. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था याच आजारांवर काम करते.

म्युटेशनचा रिपोर्ट हातात असेल तर ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफीत बघत वारेचा नमुना घेतात. उशीर झाला तर १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल, आणि मग निर्णयाला दिवस कमी उरतात: २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल चुकतो. म्हणून तिचं रक्तही सोबत जातंच. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नमुना घेतल्यावर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत. केंद्र पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा) नोंदलेलं हवं, संमतीचा ‘फॉर्म जी’ (G) तिला समजणाऱ्या भाषेत.

बाळ मायनर आलं तर ते आईबाबांसारखंच वाहक. गर्भपाताचा विषयच नाही.