वृद्ध घोड्याला निरोप देताना

रंकाळ्यावर फेऱ्या मारून किंवा वरातीत नाचून थकलेला, पुढे कुणीतरी सोडवून आणलेला घोडा पंचविशी ओलांडतो, तेव्हा त्याच्या शेवटाची तयारी तो हिंडता-फिरता असतानाच करावी. स्वतःहून उठता न येणे, दाढा झिजल्यामुळे चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून गळणे, गूळ पुढे धरूनही मान वळवणे, अशी लक्षणे वहीत टिपावीत. एखाद्या बऱ्या दिवसावर विसंबू नये. विश्रांतीत नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. ते ६० च्या पुढेच राहिल्यास पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे.

दयामरण ठरले, तर खरी अडचण जागेची असते. पावसाळ्यात काळ्या रानात जेसीबी रुततो आणि पंचगंगेच्या पूररेषेतली जमीन पुरण्यासाठी घेऊच नये, म्हणून विहीर-बोअरपासून दूरची उंचवट्याची जागा उन्हाळ्यातच पाहून ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला विचारून ठेवावे. दयामरणाच्या इंजेक्शनात पेंटोबार्बिटल हे औषध वापरले असल्यास ते मृतदेहात टिकते व तो खाणारी कुत्री-गिधाडे दगावतात, त्यामुळे खड्डा खोलच हवा.

आधी गुंगीचे औषध देतात, तेव्हा मानेवरून हात फिरवत हळू बोलावे (घोड्याला आपले रडणे कळते, निदान ताण तरी कळतो), मात्र मुख्य इंजेक्शनच्या वेळी बाजूला व्हावे, कारण तीन-चारशे किलोंचे धूड क्षणात कोसळते. नंतर डॉक्टरांनी हृदय थांबल्याची खात्री केल्यावर सोबतच्या घोड्याला मृतदेह हुंगू द्यावा, म्हणजे तो जोडीदाराला शोधत खिंकाळत राहण्याची शक्यता कमी होते.